‘उपलब्ध नाही’ म्हणजे नेमके काय? : विमान अपघातांच्या जुन्या फाइली सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी आणि मा. जन माहिती अधिकारी,
नागरी विमान अपघातांच्या जुन्या नोंदी ज्यांच्या ताब्यात आहेत किंवा कधीकाळी होत्या, अशी सर्व कार्यालये.

विषय : सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच्या एका लहान विमानाच्या अपघाताची तपास-फाइल.

महोदय/महोदया,

माझे धाकटे काका एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत असताना, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, पुष्पक जातीचे दोन आसनांचे विमान कोसळून गेले. ते बावीस वर्षांचे होते आणि विमानात एकटेच होते. या अपघाताचा रीतसर तपास झाला होता, फाइल तयार झाली होती आणि त्या तपासाच्या निष्कर्षाच्या चार इंग्रजी ओळी माझ्याकडे आहेत. त्या चार ओळी ज्या कागदांवरून लिहिल्या गेल्या ते कागद मला पाहायचे आहेत. त्यासाठी गेली सव्वादोन वर्षे मी अर्ज करतो आहे. आतापर्यंत निरनिराळ्या कार्यालयांकडून सात उत्तरे आली, त्यांपैकी पाच उत्तरांत ‘माहिती उपलब्ध नाही’ हे तीन शब्द आहेत. हे पत्र त्या तीन शब्दांविषयी आहे.

अपघाताची तारीख, विमानाची नोंदणीची अक्षरे, क्लबचे आणि काकांचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ते सारे अर्जांत आहे. कोणत्या कार्यालयाने काय कळवले हेही नावानिशी सांगत नाही, कारण मला कोणा एकाची तक्रार करायची नाही, आणि उत्तराचा मसुदा लिहिणाऱ्या लिपिकाची तर मुळीच नाही. मी स्वतः चौतीस वर्षे एका सरकारी अभिलेख कक्षात काढली आहेत. ‘उपलब्ध नाही’ हा शेरा माझ्या हस्ताक्षरात किती अर्जांवर असेल याचा हिशेब मला आज देता येणार नाही. तो शेरा कसा लिहिला जातो हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तो मला पुरेसा वाटत नाही.

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत काकांच्या चार वस्तू होत्या : शिकाऊ वैमानिकाचा परवाना, दोन फोटो आणि उड्डाणांची नोंदवही, जिला वैमानिक मंडळी लॉगबुक म्हणतात. निळ्या कापडी बांधणीची ही वही मी माझ्या निवृत्तीनंतर पहिल्यांदा नीट उघडली. एकेका उड्डाणाला एकेक ओळ; तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणीची अक्षरे, कोठून कोठे, प्रशिक्षकासह की एकट्याने, किती वेळ. अक्षर शाळेतल्या शुद्धलेखनासारखे, चौकटीबाहेर एकही काना गेलेला नाही. शेवटच्या भरलेल्या पानाच्या तळाशी एकूण ६१ तास २५ मिनिटे अशी बेरीज आहे आणि तिच्याशेजारी प्रशिक्षकाची सही आहे. पान उलटले की पुढच्या पानाच्या माथ्यावर काकांनी तीच बेरीज ‘मागील पानावरून’ म्हणून आधीच उतरवून ठेवलेली दिसते. त्याखाली सगळ्या ओळी कोऱ्या आहेत. ज्या उड्डाणात ते गेले त्याची नोंद या वहीत नाही, असणारही नाही, कारण ही वही उतरल्यावर भरायची असते. त्या उड्डाणाची नोंद असलीच तर ती आपल्याकडच्या फाइलमध्ये आहे.

आता त्या चार ओळी. त्यांचा मराठीत सारांश असा : शिकाऊ वैमानिक एकट्याने क्रॉस-कंट्री, म्हणजे आखलेल्या मार्गाने दूरवर जाण्याच्या, सरावासाठी निघाला, त्याने आखून दिलेला मार्ग सोडला, परवानगी नसताना कमी उंचीवरून उड्डाण केले, वळण घेताना विमानाचा वेग इतका कमी झाला की पंखांना उचल राहिली नाही आणि ते जमिनीवर आदळले. कारण : वैमानिकाची चूक.

यातले मार्ग सोडण्याचे वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. आमचे गाव पुरंदर तालुक्यातले. (याच तालुक्यात आता मोठा विमानतळ होऊ घातला आहे आणि ‘विमान’ हा शब्द काढला की लोक सातबाऱ्याविषयी बोलू लागतात, पण तो विषय येथला नाही.) आखलेल्या मार्गापासून गाव थोडे बाजूला पडते. त्या सकाळी आजी अंगणात सुपात तीळ निवडत बसली होती. डोक्यावरून लहान विमान गेले, वळून पुन्हा एकदा आले, आणि आत कोण आहे हे तिला कोणी सांगावे लागले नाही. तिने पदर हलवला. विमान पूर्वेकडे निघून गेले आणि गावापासून सुमारे वीस किलोमीटरवर ज्वारीच्या उभ्या रानात पडले. आजी त्यानंतर एकतीस वर्षे जगली. ‘मला बघायला आला म्हणून पडला,’ हे एकच वाक्य तिने शेवटपर्यंत धरून ठेवले, आणि त्या चार ओळी नेमके तेच वाक्य सरकारी इंग्रजीत सांगत असल्यामुळे ते खोडून काढण्याचे धैर्य घरात कोणाला झाले नाही.

पण वीस किलोमीटर हे अंतर मला स्वस्थ बसू देत नाही. पुष्पक ताशी सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या वेगाने जाणारे विमान. गावावरून निघाल्यापासून पडेपर्यंत आठ-दहा मिनिटे गेली असली पाहिजेत. गावावर काका खाली आले असतील. ती शिस्त मोडणे होते आणि त्याबद्दल क्लबने त्यांना जमिनीवर बसवले असते तर ते योग्यच झाले असते. परंतु त्यानंतर आठ-दहा मिनिटांनी, जेथे ओळखीचे कोणी नाही, अशा ठिकाणी विमान कमी उंचीवर का होते, या प्रश्नाचे उत्तर त्या चार ओळींत नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्या रानात गेलो. आता तेथे ऊस आहे आणि ठिबकच्या नळ्या आहेत. शेताच्या तेव्हाच्या मालकांचा मुलगा अपघाताच्या वेळी तेरा-चौदा वर्षांचा होता; आज ते पासष्टी ओलांडलेले गृहस्थ आहेत. त्यांनी बांधावरच्या बाभळीपासून पावले मोजत मला जागा दाखवली. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, ‘इमान खाली येत हुतं. आवाज तुटत तुटत येत हुता, मग बंदच झाला.’ त्यांच्या वडिलांचा जबाब घेतला गेला तेव्हा ते शेजारी उभे होते. जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले, ‘विमान फार खाली होते का?’ आणि वडील म्हणाले, ‘व्हय, खालीच हुतं की.’

‘खाली येत होते’ आणि ‘खाली होते’ यांत काय अंतर आहे हे कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पहिल्यात विमान उतरते आहे, त्याची उंची सुटते आहे; दुसऱ्यात ते कोणीतरी खालून चालवते आहे. जबाब मराठीत दिला गेला, त्यावरचा अहवाल इंग्रजीत लिहिला गेला, आणि या दोहोंच्या मध्ये कोठेतरी एका शेतकऱ्याचे ‘खाली येत हुतं’ हे ‘लो फ्लाइंग’ झाले असावे अशी मला शंका आहे. ही शंकाच आहे. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीवर किती विसंबायचे हे जुनी दप्तरे हाताळलेल्या माणसाला कळते. लोक ऐकलेले आणि पाहिलेले यांची सरमिसळ करतात, आणि चांगल्या हेतूनेही करतात. म्हणूनच मला आठवण नको, तो मूळ जबाब हवा आहे.

आवाज तुटत येणे आणि मग बंद होणे याचे एक साधे स्पष्टीकरण असू शकते. पुष्पकला ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन असे आणि त्याला कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण जात असे. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलचे बाष्प होताना आणि हवा प्रसरण पावताना तेथले तापमान वीस अंशांपेक्षाही जास्त खाली येऊ शकते. बाहेर गोठवणारी थंडी असण्याची गरज नसते. हवा दमट असली तर पंधरा-वीस अंश तापमानातही आत बर्फ धरते, विशेषतः इंजिनाचा जोर कमी करून विमान खाली आणले असेल तेव्हा. बर्फ धरला की इंजिन अडखळू लागते, खडखडते आणि बंद पडू शकते. त्यावर उपाय म्हणून वैमानिकासमोर कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका असतो. तो वेळेवर ओढायचा असतो, आणि एकसष्ट तासांच्या अनुभवाच्या मुलाला ते सुचेलच असे नाही. या प्रकारच्या बिघाडाची पंचाईत अशी की बर्फ वितळून जातो आणि मागे काहीच उरत नाही. मात्र तो खटका कोणत्या स्थितीत सापडला, प्रॉपेलर जोरात फिरत असताना जमिनीला लागला की जवळजवळ थांबलेला असताना, हे अवशेषांवरून सांगता येते, आणि तपास करणारे निरीक्षक ते पाहतात. त्यांनी ते पाहिले का आणि टिपून ठेवले का, हे चार ओळींत नाही. फाइलमध्ये असेल.

येथे एका गोष्टीबद्दल आभार मानले पाहिजेत. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. देशभरातल्या हवामानाच्या जुन्या नोंदी तेथे जपलेल्या आहेत. अपघाताच्या दिवसाची हवामानाची स्थिती मला तेथून कळली : अवेळी आलेले ढग, सकाळचे धुके, थंड आणि दमट हवा. यावरून अपघाताचे कारण सिद्ध होत नाही. वेधशाळा शिवाजीनगरला आणि विमान पडले ते रान चाळीस मैलांवर, हे मला कळते. पण एका विशिष्ट दिवशी धुके किती होते हे सरकारी दप्तर पन्नास वर्षांनी सांगू शकते, आणि त्याच दिवशी एक माणूस कसा मेला हे दुसरे सरकारी दप्तर सांगू शकत नाही, याचे मला नवल वाटते.

आता आपल्या उत्तरांकडे येतो.

पहिले उत्तर सव्वीस दिवसांत आले, ‘माहिती उपलब्ध नाही’. दुसऱ्या कार्यालयाने माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली अर्ज तिसऱ्याकडे पाठवला, तिसऱ्याने चौथ्याकडे, आणि चौथ्याने तो पुन्हा पहिल्याकडे पाठवला. दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरने याहून जास्त प्रवास क्वचितच केला असेल. एका कार्यालयाने मात्र वेगळे उत्तर दिले : मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(जे) खाली देता येत नाही. हे उत्तर मी आमच्या आबांना, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाला, वाचून दाखवले. ते पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी विचारले, ‘त्रयस्थ म्हणजे कोण, तो की मी?’

त्या उत्तराबाबत कायदा स्पष्ट आहे. कलम ८(३) प्रमाणे अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून आधी घडलेल्या घटनेची माहिती, मोजके अपवाद वगळता, द्यावीच लागते. त्या अपवादांत देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे आहेत, वैयक्तिक माहितीचे (जे) हे पोटकलम नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या क्लबच्या विमानात यांपैकी काय असेल याची कल्पना मला करता येत नाही. तरीही हे उत्तर माझ्या दृष्टीने बाकीच्या पाचांपेक्षा बरे आहे, कारण ‘देता येत नाही’ असे म्हणणारा निदान कागद आहे असे मानतो.

‘उपलब्ध नाही’ मात्र काहीच मानत नाही. या एका शेऱ्यात कमीत कमी चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे मी अनुभवाने सांगतो. फाइल आमच्याकडे कधी आलीच नाही, हा एक अर्थ. आली होती, पण नियमाप्रमाणे नष्ट केली, हा दुसरा. आहे, पण कोठे आहे ते कळत नाही, हा तिसरा. आणि चौथा अर्थ, जो कोणी कबूल करत नाही, तो म्हणजे शोधलीच नाही. अर्जदाराच्या दृष्टीने या चारही गोष्टी अगदी निराळ्या आहेत. पहिल्या उत्तराने तो दुसरे दार ठोठावू शकतो, दुसऱ्याने तो शोध थांबवू शकतो, तिसऱ्याने वाट पाहू शकतो. चौथ्यासाठी अपील असते. चौघांना एकच नाव दिले की त्याला यांतले काहीच करता येत नाही. तो पुन्हा पुन्हा अर्ज करत राहतो आणि आपण त्याला ‘सराईत अर्जदार’ म्हणू लागतो. आम्हीही म्हणायचो.

फाइल नष्ट केली असेल तर तसे सांगण्यात संकोच नसावा. प्रत्येक कागद जपता येत नाही हे अभिलेख कक्षात काम केलेल्याला दुसऱ्याने शिकवावे लागत नाही. महाराष्ट्रात आम्ही ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ वर्ग तीस वर्षे, ‘ड’ वर्ग एक वर्ष अशा वर्गवारीनेच काम केले आहे. पण केंद्र सरकारच्या कागदांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि १९९७ चे नियम लागू आहेत, आणि नोंद व पुनर्विलोकन केल्याशिवाय कोणताही अभिलेख नष्ट करता येणार नाही असे त्यांत म्हटले आहे. बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. मला कोणाला कैदेत पाठवायचे नाही. मला नष्ट केलेल्या फाइलींच्या यादीतली ती एक ओळ हवी आहे. कायदा येण्याच्या आधीच कोणी कपाट रिकामे केले असेल आणि यादीही नसेल, तर ‘अमुक सालच्या आधीच्या याद्या आमच्याकडे नाहीत’ एवढे वाक्य लिहून सही करावी. तेही उत्तर मी आबांना वाचून दाखवू शकेन. गहाळ झालेली फाइल ही माहिती नाकारण्याची कायद्याने दिलेली सवलत नव्हे, हे केंद्रीय माहिती आयोगाने वारंवार सांगितलेच आहे.

फाइल शोधली गेली नसेल तर ती कोठे शोधावी याविषयी, आगाऊपणाचा आरोप पत्करून, थोडे लिहितो. मी अर्जात काकांचे नाव दिले होते आणि बहुधा नावानेच शोध घेतला गेला. पण अशी फाइल माणसाच्या नावाने लागत नाही, ती विमानाच्या नोंदणीच्या ‘व्हीटी’ने सुरू होणाऱ्या अक्षरांनी लागते. अपघात जानेवारीतला, तेव्हा प्राथमिक कळवण्याचा कागद एका वर्षाच्या गठ्ठ्यात आणि अंतिम अहवाल पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात असण्याची शक्यता मोठी आहे. विमान नोंदणीतून काढून टाकले गेले असणार, म्हणजे नोंदणी शाखेतही एक कागद असेल. तपास १९३७ च्या विमान नियमांखाली झाला असणार. त्यांत निरीक्षकाचा तपास, चौकशी समिती आणि औपचारिक न्यायालयीन चौकशी अशा वेगवेगळ्या पायऱ्या होत्या, आणि एकट्या शिकाऊ वैमानिकाच्या अपघाताला बहुधा पहिलीच पायरी वाट्याला येत असे. म्हणून समित्यांच्या अहवालांच्या कपाटात तो सापडणार नाही. शिवाय ३० जुलै २०१२ पासून विमान अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र ब्यूरो आहे. कार्यालये वेगळी होतात तेव्हा चालू फाइली नव्या जागी जातात आणि जुन्या फाइली जिन्याखाली जातात. हा अनुभव कोणत्या खात्याचा नाही? फाइल शेवटी जेथे असेल तेथे, नोंदवहीत लिहिलेल्या रुमालाच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याच्या, शेजारचे दोन रुमाल सोडून पाहावेत, एवढीच विनंती. माझ्या नोकरीत हरवलेले म्हणून नोंदलेले कागद सर्वाधिक वेळा तेथेच मिळाले आहेत.

पोलिसांकडची अकस्मात मृत्यूची नोंद, इन्क्वेस्ट पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांचीही हीच कथा आहे, ती लांबवत नाही. गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात मात्र नोंद सापडली. तिच्यात मृत्यूच्या कारणापुढे ‘विमानातून पडून’ असे लिहिले आहे. त्या वहीला नेमकेपणाचा आग्रह नव्हता, पण वही होती. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभरातली जुनी रजिस्टरे धुंडाळली गेली तेव्हा किती कपाटे उघडली हे आपण सर्वांनी पाहिले. शोधायचे ठरवले की कागद निघतात.

मोठ्या अपघातांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. ७ जुलै १९६२ रोजी अलितालियाचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ माणसे गेली. ते कसे घडले, विमान वेळेआधी खाली कसे आले, हे आजही वाचायला मिळते. १९६८ साली रोहतांगच्या बाजूला कोसळलेल्या वायुसेनेच्या एएन-१२ विमानातल्या चौघांचे अवशेष २०२४ मध्ये बर्फातून काढून त्यांच्या घरी पोहोचवण्यात आले, आणि छप्पन्न वर्षे झाली म्हणून कोणी त्यांच्या नातेवाइकांना त्रयस्थ म्हटले नाही. अमेरिकेत १९६२ पासूनच्या नागरी विमान अपघातांच्या नोंदी कोणालाही घरबसल्या शोधता येतात, आणि त्यांत शेतकऱ्याच्या दोन आसनी विमानाच्याही नोंदी आहेत. लहान विमान पडले की आपल्याकडे एका घरापलीकडे कोणाला काही वाटत नाही, हे मी समजू शकतो. पण तपास ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या धर्तीवर होतो, त्या परिशिष्ट १३ मध्ये तपासाचा उद्देश दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे म्हटले आहे. मग चार ओळींत दोष तेवढा उरावा आणि बाकीचे सारे ‘उपलब्ध नाही’ व्हावे, हे उलटेच झाले. ‘वैमानिकाची चूक’ हा निष्कर्ष बरोबर असेलही. ज्याच्याविषयी तो आहे त्याला अपील करता आले नाही, आणि ज्या बाईने तो तीन दशके स्वतःच्या अंगावर घेतला तिला तो कशावरून काढला हे कोणी दाखवले नाही.

मी पुण्यात राहतो. हातात पास असला तर येथल्या पुरालेखागारात बसून पेशवाईतल्या एखाद्या शिलेदाराचा घोडा कोणत्या मुक्कामी मेला आणि त्याची नुकसानभरपाई किती दिली, हे मोडीतून वाचता येते. माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला तेव्हा देशातला पहिला अर्ज याच शहरातल्या एका पोलीस ठाण्यात दिला गेला, असे येथले कार्यकर्ते अभिमानाने सांगतात. तेव्हा कागद मागण्याची सवय आम्हाला आहे, आणि वाट पाहण्याचीही आहे. आबांना मात्र फार वाट पाहता येणार नाही. फाइलमधून काय निघावे असे त्यांना वाटते, हे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, ‘काही का निघेना. आईला मी काय सांगायला हवे होते, ते तरी कळेल.’

माहिती आयोगापुढची माझी दुसरी अपिले प्रलंबित आहेत आणि ती यथाक्रम चालतील. त्या दरम्यान, आपल्यापैकी ज्यांच्याकडे सत्तरच्या दशकातल्या नागरी विमान अपघातांच्या नोंदवह्या असतील त्यांनी मला फाइलीच्या प्रती नव्हे, केवळ त्या वर्षाच्या आणि पुढच्या वर्षाच्या नोंदवहीची तपासणी करू द्यावी. कायद्याच्या कलम २(जे) मध्ये तसा अधिकार आहे. मी सोमवार ते शुक्रवार केव्हाही दिल्लीला किंवा जेथे बोलवाल तेथे येऊ शकतो, गठ्ठे खाली उतरवायला आणि पुन्हा होते तसे बांधून ठेवायला मला मदतनीस लागत नाही, आणि तपासणीच्या पहिल्या तासाला शुल्क नसले तरी पुढच्या प्रत्येक तासाचे पाच रुपये मी सुटे घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभिलेखपाल,
सदाशिव पेठ, पुणे